टाळू भरणारी बायनाबाई

पेडगावात बायनाबाईच्या पायांवर आंघोळ न झालेलं पोर सापडणं कठीण. अंगणात ऊन आलं की ती बाळंतिणीच्या घरी यायची, पाय पसरून बसायची, लेकराच्या टाळूवर तेल जिरवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून डोकं घडवायची. सोबत तोंडाचा पट्टा चालूच. "ह्याच्या बापाचं डोकं भोपळ्यावानी व्हतं, मीच गोल केलं," असं बापासमोरच सांगायची आणि बाप बिचारा डोकं चाचपायचा.

मनकर्णाबाईंच्या सुनेला, अर्पिताला, मुलगा झाला तेव्हा बायनाबाईलाच बोलावणं गेलं. पहिल्याच दिवशी टाळू भरताना तिचा हात थबकला. डोक्याच्या मधोमध, पुढून मागं, हाडाची उभी धार बोटाला लागत होती. इतक्या लेकरांच्या डोक्यांवरून हात फिरला, पण असं कधी लागलं नव्हतं. समोर मनकर्णाबाई कौतुकानं बघत बसल्या होत्या. 'मला हे कळंना' असं बायनाबाई उभ्या जन्मात कुणाला म्हणाली नव्हती, आताही म्हणाली नाही.

डोकं लांबटच होत गेलं. गावची आशाताई धम्मशीला म्हणाली, "अर्पिता, परभणीला दाखवून ये. मला हे बरं दिसंना."

बायनाबाई फिसकन हसली. "ताई, तुमी डोस पाजा, डोकं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. जरा दम धरा, लिंबावानी गोल करून देते."

सगळे हसले. अर्पितानंही परभणीला जायचं पुढं ढकललं.

लेकरू बसायला लागलं तरी डोकं तसंच, तेव्हा कुठं परभणीला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईत कळलं, कवटीची हाडं वेळेआधीच जुळून गेलीत. दोन-तीन महिन्यांचं असताना आणलं असतं तर दोन बारीक छेद देऊन दुर्बिणीनं जुळलेलं हाड काढता आलं असतं, पुढं काही महिने हेल्मेट घालून डोक्याला आकार आला असता. आता ती वेळ गेली. कवटी उघडावी लागली.

लेकरू सुखरूप परत आलं आणि बायनाबाई मागच्या बोळानं ये-जा करू लागली. कुणी तिला बोल लावत नव्हतं, हेच तिला सोसवेना. "अडाणी बाई, तिला काय ठाऊक," म्हणून गावानं तिला मोकळं केलं होतं. एरवी अडाणी म्हटलं की अंगावर धावून जाणारी ही बाई आता त्याच शब्दाच्या आड लपली होती, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

शेवटी अर्पितानंच बोलावलं. "मावशी, जखम भरली. डॉक्टर आंघोळ घाला म्हणलेत. तुमीच घाला."

बायनाबाईनं लेकराला पायांवर घेतलं. डोकं आता छान गोल दिसत होतं, पण ह्या कानापासून त्या कानापर्यंत व्रण गेला होता. लेकरू तिला ओळखून हसलं. तिचे डोळे वाहू लागले.

"रडू नका मावशी," अर्पिता म्हणाली. "तुमाला तरी काय ठाऊक व्हतं?"

गप्प बसली असती तर निभावून गेलं असतं. पण लेकरू हसतच होतं.

"मला लागलं व्हतं, पोरी," बायनाबाई म्हणाली. "पहिल्याच दिवशी. बोटाला लागलं व्हतं."

अर्पिता तिच्याकडं बघत राहिली. मग वाकून तिनं लेकराला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि आत गेली. बायनाबाईचे पाय तसेच पसरलेले राहिले. पातेल्यातलं पाणी निवलं तरी तिला उठवेना.