बाटलीच्या बुडाची खळी

वाइनची बाटली पालथी करून पाहिलीय कधी? नसेलच. रिकामी झाल्याशिवाय कोण पालथी करतंय म्हणा! तर तिच्या बुडाला आत गेलेला एक खोलगट भाग असतो. आमच्या या काचकारखान्यात त्याला खळी म्हणत, आणि साच्यातला ती खळी पाडणारा लोखंडी उंचवटा एकतीस वर्षं घासूनपुसून गुळगुळीत ठेवणाऱ्या माणसाला खळीकाका. माणूस सरळ नाकासमोर चालणारा. वाइनचा थेंबही कधी जिभेला लावलेला नाही.

एका सोमवारी नव्या मॅनेजर मॅडम त्यांच्या टेबलापाशी आल्या.

"काका, ही खळी कशासाठी असते हो? सपाट बूड केलं तर काच वाचेल, बाटली हलकी होईल. शुक्रवारपर्यंत कारण सांगा, खळी राहील. नाहीतर काढून टाकू. तुमच्या नोकरीची काळजी नको, सपाट साचेही घासावे लागतातच."

"हो, सांगतो की!" काका बोलून तर बसले, पण कारण काय? वडिलांनी शिकवलं, यांनी घासलं. खळी जाता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं.

भट्टीवरचा म्हातारा मुकादम म्हणाला, "अरे, पूर्वी तोंडाने फुंकून बाटल्या करायचे. बुडाला सळई चिकटवून धरायचे. ती तोडली की काचेचं टोक उरायचं, टेबल ओरबाडायचं. म्हणून बूड आत ढकलायचे." काका खूश! जिन्यापर्यंत गेले आणि थबकले. आता तर बाटल्या मशीन करतं. सळई कुठली नि टोक कुठलं?

आमच्या बाटल्या घेणाऱ्या वाइनरीच्या तळघरात काम करणारी बाई ठासून म्हणाली, "गाळ खळीभोवती बसतो, पेल्यात येत नाही." हेही पटलं. काकांनी घरी जाऊन वाइनच्या बाटलीत आणि तेलाच्या सपाट बाटलीत पाणी भरून चहाची पूड कालवली. तासाभराने ओतून पाहिलं. दोन्हींतून गाळ आला. बाटल्या नेणाऱ्या ट्रकवाल्याने तर डोळाच मारला, "काका, माल कमी भरून बाटली मोठी दाखवायची, दुसरं काय!" त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. आपण लबाडी घासत होतो की काय?

"डोक्याचा पार भुगा झालाय," ते बायकोला म्हणाले.

"पण अहो, एकतीस वर्षांत तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

काकांना भयंकर राग आला. तिचा, मॅडमचा, की स्वतःचाच, ते मात्र उमगेना.

शुक्रवारी मुकादमाचं कारण पाठ करून ते मॅडमसमोर उभे राहिले. तोंड उघडलं आणि सळई, गाळ, लबाडी, सगळ्याची एकदम सरमिसळ झाली. "मॅडम, खोटं कशाला बोलू? मला नाही माहीत."

"मी पण पाचसहा जणांना विचारलं, काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "प्रत्येकाचं वेगळंच." आणि सपाट साचा बनवायला सांगितला. तो घासायला अर्थातच काकांकडे आला, आणि काकांनी तो मन लावून घासला. हात कुठे ऐकतात!

पहिली सपाट बाटली निवून टेबलावर आली तेव्हा सगळे भोवती जमले. डुगडुग गं बये, काका मनातल्या मनात विनवत होते, एकदा तरी डुगडुग! त्यांनी स्वतः टिचकी मारली. बाटली जागची हलली नाही.

"वा काका, झकास!" मुकादमाने पाठ थोपटली. नोकरी शाबूत, पगार शाबूत, वर कौतुक. मग डोळे का भरून यावेत? काका तोंड धुवायला नळावर गेले.

"पडली का हो बाटली?" घरी येताच बायकोने विचारलं.

"नाही गं. चांगली ताठ उभी आहे." काकांनी चपला काढल्या. "मग इतकी वर्षं मी तिथे काय करत होतो?"