फ्रिजमधला हिवाळा

अल मनखूलच्या आमच्या घरात एक वर्ष फ्रिजमध्ये फळं ठेवायला बंदी होती. सफरचंद, चिकू, पेरू, काहीही नाही. दुबईत ऑक्टोबरमध्येसुद्धा ओट्यावर ठेवलेलं केळं संध्याकाळपर्यंत काळं पडतं, त्यामुळे घरी आलेल्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. पण भाजीच्या ड्रॉवरमध्ये आईचे ट्यूलिपचे कंद होते, आणि पिकत्या फळांमधून निघणाऱ्या वायूने कंदाच्या आतली कळी मरते, असं तिला कळलं होतं. म्हणून घरात आलेलं फळ त्याच दिवशी संपवायचं, नाहीतर वाटून टाकायचं. नाशिकहून कोणी सीताफळं घेऊन आलं, की आई तोंडभर हसून घ्यायची आणि पाहुणे लिफ्टमध्ये शिरले, की अख्खी पिशवी समोरच्या फ्लॅटमध्ये. मला सीताफळं जीव की प्राण. त्या वर्षी ट्यूलिप हे नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं.

कंद बाबांच्या ऑफिसमधून यायचे. त्यांचा मॅनेजर हॉलंडचा होता. आपली माणसं सुट्टीवरून परतताना चिवडा आणि लाडू आणतात, तसा तो स्टाफसाठी जाळीच्या पिशव्यांमधून कंद आणायचा. बाकीच्यांच्या पिशव्या ऑफिसच्या कपाटात वाळून जायच्या. आमची घरी यायची, कारण आईला माती दिसली की राहवत नसे. लग्न होऊन दुबईत आली तेव्हा तिच्या वाट्याला एक बाल्कनी आली. तीही अर्धी एसीच्या गरम झोताने भाजून निघालेली. उरलेल्या अर्ध्या भागात तिचा संसार होता.

थंड देशांत लोक बागेसाठी हिवाळ्याला घाबरतात. आमच्याकडे सगळंच उलटं. नोव्हेंबर आला की म्युनिसिपालिटीची माणसं चौकाचौकांत पेटुनिया लावायची, आई बाल्कनीत लावायची, आणि मार्चपर्यंत कोण मजा असायची. मे महिन्यात सगळं जळून जायचं. शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोन महिने भारतात, आणि परत येऊन बघावं तर कुंड्यांमध्ये नुसत्या काटक्या. आई त्या उपटून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी चिडून म्हणायचे, "आई, what's the point? They're going to die anyway." ती म्हणायची, "जेवण तरी रोज का करते मी? संपतंच ना?"

ट्यूलिप मात्र तिला वश होईना. पहिल्या वर्षी तिने कंद आल्याआल्या कुंडीत लावले. सप्टेंबरच्या उकाड्यात ते आठवड्याभरात कुजले. बाबांनी हे ऑफिसमध्ये सांगितलं, तेव्हा मॅनेजरने विचारलं, "त्यांना हिवाळा दिला का?" बाबा घरी येऊन हसत हसत ते सांगत होते, पण आईने ते गांभीर्याने घेतलं. या कंदांना तीन-साडेतीन महिने थंडीत झोपवावं लागतं, त्याशिवाय ते फुलत नाहीत. दुबईत एवढी थंडी एकाच ठिकाणी असते. मग दुसऱ्या वर्षी कंद फ्रिजमध्ये गेले, शेजारी सफरचंदं. जानेवारीत पानं छान हिरवीगार आली. फूल मात्र आतल्या आत वाळून दोऱ्यासारखं झालं होतं. आईने ते नखाने उकलून बघितलं आणि तसंच मातीत पुरून टाकलं. सफरचंदांचा दोष आहे हे मागाहून मॅनेजरकडूनच कळलं.

तिसऱ्या वर्षी तिने कसलीच कसर ठेवली नाही. खाकी पिशवीला भोकं पाडली, फ्रिजचं बटण कुणी फिरवू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. गुरुवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, बाबा घरी आले, की ती त्यांना एकेक कंद दाखवायची, अजून टणक आहे की नाही ते. बाबा दमलेले असले तरी बोटाने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "एकदम फिट." या वेळी फुलणार अशी आमची तिघांची खात्री होती. माझीसुद्धा, पण ते मी कबूल करत नव्हते.

नोव्हेंबरमध्ये बाबांची कंपनी विकली गेली. नव्या मालकाने जुनी माणसं काढली, मॅनेजर आपल्या देशी गेला आणि बाबांचा व्हिसा कॅन्सल झाला. आखातात नोकरी गेली की घर आणि देश दोन्ही पाठोपाठ जातात. फ्लॅट कंपनीचाच होता. महिन्याभरात निघायचं होतं. मी नववीत होते, वर्ष अर्ध्यावर होतं, पण ते विचारायची कुणाला सवड नव्हती.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती जैन कुटुंब राहायचं. आमची सीताफळं खाणारं तेच. त्यातल्या अंकलचं मीना बाजारमध्ये कापडाचं दुकान होतं. ते एक दिवस मुद्दाम आले आणि बाबांना म्हणाले, "भाईसाब, मैं विज़िट वीज़ा निकाल देता हूँ. हमारे यहाँ रहो. एक-दो महीने में कुछ न कुछ मिल जाएगा, इन्शाल्ला." बाबांनी हात जोडले आणि नाही म्हटलं. दुसऱ्याच्या व्हिसावर, दुसऱ्याच्या घरात राहायचं त्यांना जमणार नव्हतं. अंकल गेल्यावर आई एकदाच बोलली.

"थांबलो असतो थोडं. तुमच्या नोकरीचंही बघता आलं असतं, आणि तोवर हे कंदही..."

"फुलांसाठी थांबू?" बाबा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आईने तो विषय पुन्हा काढला नाही.

मग सुपरमार्केटच्या फळ्यावर आमचं सामान विकायची चिठ्ठी लागली. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. अनोळखी माणसं चपला घालून घरात येतात, तुमची कपाटं उघडून बघतात, तुमच्या सोफ्यावर बसून तो मऊ आहे का ते तपासतात. आईने बाबांना एवढंच सांगितलं होतं, की फ्रिज सर्वांत शेवटी द्या. पण शेजारच्या बिल्डिंगमधलं एक नवं लग्न झालेलं जोडपं पिकअप घेऊनच आलं. आज नेतो, नाहीतर दुसरीकडे बघतो, म्हणाले. बाबांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली आणि चिकटपट्टी स्वतःच्या हाताने काढली. त्या मुलीने ड्रॉवर उघडून म्हटलं, "काकू, तुमचे कांदे राहिले."

पिशवी हातात घेऊन आई रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली. नाशिकला न्यावेत, तर आम्ही उतरणार होतो काकांच्या घरी, मिळेल त्या एका खोलीत. दिराच्या फ्रिजमध्ये फुलांसाठी कप्पा मागायचा, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. शेवटी ती समोरच्या आंटींकडे गेली. मी बरोबर होते. त्यांच्या घरी कांदा-बटाटा, जमिनीखालचं काही म्हणजे काही शिजत नसे, आणि आई तर त्यांच्या फ्रिजमध्ये कंदच ठेवायला मागत होती. आंटींच्या सासूबाईंनी पिशवीत डोकावून नाक मुरडलं. आंटी म्हणाल्या, "बा, खाने का नहीं है. फूल है अंदर, सोया हुआ." सासूबाईंनी पिशवी दोन बोटांनी परत मिटली. मग म्हणाल्या, "नीचे रखो. दूध से दूर." आईने त्यांना सगळं समजावून सांगितलं. नवीन वर्ष लागलं की कुंडीत लावायचे, सावलीच्या बाजूला ठेवायचे, आणि हो, फ्रिजमध्ये फळ नको. तेव्हापासून तेही घर आमच्यासारखं फळं त्याच दिवशी संपवू लागलं असणार.

डिसेंबरमध्ये आम्ही नाशिकला आलो. थंडी कडाक्याची होती. बाबा शाल पांघरून काकांच्या ओसरीवर बसून राहायचे. त्यांच्या ऑफिसमधला एक सहकारी व्हिजिट व्हिसावर दुबईतच थांबला होता, आणि त्याला जानेवारीत नोकरी मिळाल्याचं कळलं. त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायला लागले. "थांबायला हवं होतं का गं आपण?" आई दर वेळी म्हणायची, "छे! योग्य तेच केलंत." पाच मिनिटांनी ते पुन्हा विचारायचे. जेवण कमी झालं होतं, दाढी वाढली होती. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, आणि आईलाही वाटत असणार.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी दुबईहून फोन आला. फोन बैठकीत होता. बाबा समोरच बसले होते आणि मी आईला खेटून उभी होते. परदेशी फोनवर माणसं ओरडूनच बोलतात, त्यामुळे आंटींचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता.

"भाभी! खिल गए! सब के सब! इतने लाल हैं कि क्या बताऊँ! पूरी बिल्डिंग देखने आ रही है. बा खुद पानी देती है, किसी को हाथ नहीं लगाने देती!"

आईने डोळे मिटले. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मी आयुष्यात पुन्हा तसा पाहिला नाही. मग तिने डोळे उघडले, बाबांकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "अच्छा... कोई बात नहीं, भाभी. आपने इतना किया, वही बहुत है."

"भाभी? सुनाई दे रहा है ना? खिल गए, खिल गए!"

"हाँ, हाँ. आप दुखी मत होना. रखती हूँ."

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सडले म्हणे सगळे. एकही नाही फुललं."

बाबांनी पाठ भिंतीला टेकवली. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले. "तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले. "त्या हवेत ते व्हायचंच नाही. आणखी महिना काढून तरी काय हाती लागलं असतं?"

"तेच तर," आई म्हणाली आणि कपडे आणायला गच्चीवर गेली. मी मागोमाग गेले. ती वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही. कधीच नाही." आंटींना फोटो पाठवू नका म्हणून तिने पत्रही टाकलं.

त्या रात्री बाबा पोटभर जेवले. पुढे त्यांना नाशिकमध्येच, सातपूरला एक नोकरी मिळाली, दुबईतल्यापेक्षा बरीच लहान, पण ते सावरले. घरी पाहुणे आले की ही गोष्ट ठरलेली असायची. "आमच्या हिने दुबईत ट्यूलिप लावले होते! फ्रिजमध्ये हिवाळा करून! आम्हाला महिनोन् महिने फळ बघायला मिळालं नाही, आणि फुलली किती? एकसुद्धा नाही!" पाहुणे हसायचे. आईही पोह्यांच्या बश्या देत देत सगळ्यांबरोबर हसायची. खरा ट्यूलिप तिने आयुष्यात कधी बघितला नाही.

आता आई नाही. बाबा अजून ती गोष्ट सांगतात आणि संपली की माझ्याकडे बघतात. मग मी हसते.