डिकीतला हार

जुनी गाडी देऊन नवी घ्यायला निघालो, तेव्हा नव्या गाडीसाठी घेतलेला हार, नारळ आणि दोन किलो पेढे मी जुन्या गाडीच्या डिकीत ठेवले. सौदा अजून व्हायचा होता. ज्याला भाव पाडून हवा आहे त्याने पेढे घेऊन दुकानात जाऊ नये, एवढं भोरच्या बाजारात कोथिंबीर आणायला पाठवलेल्या पोरालाही कळतं. मला ते पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही दुसऱ्याने डिकी उघडल्यावर.

गाडी बदलायचं कारण माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. दोघं गुंजवण्याच्या बाजूला राहतात, भाताची शेती करतात. दीड वर्षामागे मामी गोठ्यात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या काठी घेऊन चालायलाही लागल्या, पण पाय पुरता वाकेना. आणि माझी गाडी म्हणजे उंच डिझेल जीप. तिच्यात चढायचं तर पाय जवळजवळ मांडीपर्यंत उचलावा लागायचा. मामांनी त्यावर उपाय काढला होता. घरची शेवटची बैलजोडी विकली तेव्हा ठेवून घेतलेला कासरा त्यांनी जीपच्या आतल्या दांडीला बांधला. मामींनी तो धरून वर ओढायचं, मामांनी आतून हात द्यायचा आणि मी खालून आधार द्यायचा. एकदा अशीच चढाई चालू असताना माझा मोबाईल वाजला आणि मी तो घेतला. मामी कासऱ्याला धरून अधांतरी राहिल्या. पडल्या नाहीत, पण खाली उतरून एवढंच म्हणाल्या, "आता मला उचलायचं ते एकदाच. चौघांनी मिळून."

तेव्हापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांचं माहेर आंबवड्याला. तिथे त्यांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले. ते इकडे येऊ शकत नाहीत, ह्या तिकडे जाऊ शकत नाहीत. रोज संध्याकाळी फोनवर दोघं भांडायची, "तूच ये", "तुमीच या" अशी. अलीकडे भावाचा आवाज बारीक झाला होता आणि मामी भांडायच्या थांबल्या होत्या. ते ऐकून माझ्या बायकोने ठरवलं की सरकत्या दाराची, ठेंगण्या पायरीची व्हॅन घ्यायची आणि आईला आंबवड्याला न्यायची. पतपेढीचं कर्ज मंजूर झालं. वरची रक्कम जुन्या जीपमधून यायची होती. तिचे एक लाख ऐंशी हजार आले तर व्हॅन, नाहीतर मामी ओट्यावर आणि फोन कानाला. हिशेब इतका सरळ होता.

जीपला गिऱ्हाईक गावात नव्हतं असं नाही. घाटातल्या चार घरांनी मामांना विचारलं होतं. पण चौघंही पैसे देणार भात निघाल्यावर. भात निघेपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती, विशेषतः त्या बारीक झालेल्या आवाजाची.

निघताना बायको मला म्हणाली, "तुम्ही तिथे काही बोलू नका. बाबांना बोलू द्या."

"अगं, त्यांनी आयुष्यात कधी शोरूम बघितलंय का?"

"पन्नास वर्षं बैल विकलेत त्यांनी."

मी हसलो. असं हसणं मला पुढे बऱ्याचदा महागात पडलं आहे, पण त्या दिवसाइतकं कधीच नाही.

मामा आदल्या दिवशी एसटीने येऊन राहिले होते. कामथडीच्या पुढे हायवेला लागेपर्यंत ते खिडकीतून भाताकडे बघत गप्प बसले होते. मग म्हणाले, "पाव्हणं, एक सांगू का? बैल विकताना त्याची खोड लपवू नये. मागनं शिव्या खाव्या लागत्यात. पन खोडीची गोष्ट सांगत बसू नये."

"म्हणजे?"

"म्हंजे बैल मारका हाय एवढं सांगावं. कुनाला कसा मारला ते सांगू नये."

मी मान डोलावली. समजलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

शोरूममध्ये आमच्याशी बोलायला एक मॅनेजरबाई होत्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, आणि फारच गोड. त्यांनी मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं. जीपची किंमत करायला त्यांचा एक गृहस्थ आला. त्याच्या हातात टॅब होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या पत्र्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय झालंय, सर?"

आता मला गोष्ट सांगायला मिळाली की माझं भान सुटतं. मी त्याला वेल्ह्याच्या एसटी स्टँडची गोष्ट सांगितली. मागे दगड आहे असं तीन जण ओरडत होते आणि मला वाटलं ते 'या, या' म्हणताहेत. तो मनापासून हसला. मग पुढच्या बंपरची सांगितली, त्यात एक रेडकू आणि एक पोलीसपाटील होते. डावं दार आमच्याच फाटकाला कसं घासलं, तेही अभिनयासकट सांगितलं. मी रंगून सांगत होतो आणि तो हसत हसत लिहून घेत होता. मामा खुर्चीवरून बघत होते. त्यांनी एकदा डोळे मिटले. मला वाटलं झोप आली असेल.

मग त्या गृहस्थाने डिकी उघडली.

झेंडूचा केवढा तरी मोठा हार, शेंडीवाला नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि पेढ्यांचे दोन खोके. तो वाकून बघत राहिला. मग त्याने मॅनेजरबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा आणखी गोड झाला.

"अरे वा! सगळी तयारी करूनच आलात की, सर. पण गाडी आज नाही मिळणार. नंबर पडायला आठवडा लागेल."

म्हणजे हार तसाही सुकणारच होता. पुढच्या दोन मिनिटांत त्या गृहस्थाने टॅबवर बोटं फिरवली आणि जीपचे एक लाख तीस हजार सांगितले. हार निघायच्या आधी तो स्वतःशीच एक साठ-पासष्टचं काहीतरी पुटपुटला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"शिवाय एक्स्चेंज बोनस आहेच," बाई म्हणाल्या.

"बोनस म्हंजे?" मामांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आदी कापून घ्यायचं, मग त्यातलंच हातावर ठेवायचं, तेच न्हवं?"

बाई नुसत्याच हसल्या. माझ्या डोळ्यांपुढे मामी आल्या. ओट्यावर, फोन कानाला. मी म्हणणार होतो की चालेल, उरलेलं मी कुठून तरी उभं करतो. तोंड उघडलंही होतं. मामा उठले. सावकाश डिकीपाशी गेले, हार उचलला, आणि जीपच्या पुढे जाऊन तो तिच्या बॉनेटवर घातला.

सगळे बघत राहिले. मामांनी पुडी सोडून जीपच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. शोरूमच्या दारातली फरशी खराब होऊ नये म्हणून नारळ रस्त्याकडेच्या दगडावर फोडून आणला. एक पेढा तिच्यापुढे ठेवला आणि हात जोडले.

"काका, हे…" बाई पुढे झाल्या.

"आमच्यात जनावर दुसऱ्याच्या दावणीला जायचं असंल तर असंच ओवाळून देत्यात, ताई. घरात राबलंय ते. मोकळ्या कपाळानं कसं धाडायचं?" मामा टॉवेलला हात पुसत म्हणाले. "आता भाव जमला तर हिला हितं सोडतो. न्हाई जमला तर हारासकटच घरी न्हेतो. रस्त्यानं लोक नमस्कार करतील."

एका शब्दाने खोटं बोलले नाहीत. ती पद्धत त्यांच्यात खरोखरच आहे. माझ्या लग्नानंतर त्यांनी विकलेल्या बैलांना मामींनी ओवाळताना मी स्वतः बघितलं होतं. पण माझ्या मूर्खपणाचा पुरावा माणसाने इतक्या शांतपणे उचलून त्याचं आपलं हत्यार करावं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी आ वासून उभा होतो. सुदैवाने आवाज निघत नव्हता.

मग मामांनी त्या गृहस्थाला जवळ बोलावलं आणि खोडी सांगितल्या. "थंडीत दुसरा गेर अडतो. मागची काच हातानं वर ढकलावी लागती. इंजानाला काई न्हाई, ते तुमीच ऐका. बाकीचे समदे डाग पाव्हण्यांचे हायत, गाडीचे न्हाईत." मग आवाज न चढवता म्हणाले, "ही गाडी तुमी पुन्यात इकनार न्हाई. आमच्याच घाटात इकनार. तिथं मला चौघांनी इचारलीय. तुमचं गिऱ्हाईक मला म्हाईत हाय, म्हनून भाव बी म्हाईत हाय."

गृहस्थाने जीप सुरू केली. हारासकट एक चक्कर मारून आला. उतरला तेव्हा तो हसत नव्हता.

"काकांशी मी बोलतो," तो बाईंना म्हणाला.

"बोलायचं न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "हात आना हिकडं."

त्याला काही कळेना. मामांनी त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, वर टॉवेल टाकला आणि हलक्या आवाजात त्याला शिकवायला लागले. एक बोट धरलं म्हणजे दहा हजार, पंजा धरला म्हणजे पन्नास, बोटाचं पेर धरलं म्हणजे पाच. लाख धरलेलेच, वरचं तेवढं बोटांवर. बैलबाजारात असंच चालतं. घेणारा नि देणारा सोडून तिसऱ्याला भाव कळत नाही.

"पण मामा, इथे तिसरं कोण आहे?" मी विचारलं. "आम्हीच तर आहोत."

"व्हय," मामा म्हणाले. "म्हनूनच. तुमी तिकडं जाऊन च्या घ्या."

मी चहा घेतला. काचेतून बघत होतो. टॉवेल हलत होता. गृहस्थाचा चेहरा आधी गमतीचा होता, मग विचारात पडला, मग एकदम त्याने हात मागे ओढला. मामा निवांत उभे राहिले, जणू दिवसभर दुसरं काम नाही. त्याने पुन्हा हात आत घातला. बाई येऊन त्याच्या कानाशी लागल्या. पुन्हा टॉवेल हलला. मी असतो तर माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांनी एक ऐंशी वाचलं असतं. मामांच्या चेहऱ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. त्या दहा मिनिटांत मला माझ्या सासऱ्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पंचवीस वर्षांत वाटला नव्हता. आणि लाजही तेवढीच, कारण पंचवीस वर्षं मी त्यांना शेतीतलं सोडून काही विचारलं नव्हतं.

टॉवेल निघाला. कागदावर एक लाख पंच्याऐंशी हजार लिहून आलं.

मी मामांना बाजूला घेऊन विचारलं, "आपल्याला तर ऐंशीच लागत होते. वरचे पाच कशाचे?"

"पेढ्यांचं," मामा म्हणाले. "त्यास्नी फुकट कशापायी चारायचं?"

पेढे सगळ्यांनी खाल्ले. मॅनेजरबाईंनी दोन घेतले. त्यांनी मामांना विचारलं, "काका, आमच्याकडे कामाला येता का?" मामा म्हणाले, "भात निघाल्यावर बगू."

किल्ली द्यायच्या आधी मामा जीपमध्ये चढले आणि दांडीचा कासरा सोडायला लागले. गाठ जुनी, दातांनी सोडवावी लागली. गृहस्थ म्हणाला, "राहू द्या की काका, दोरीच आहे."

"जनावर दिलं, दावं न्हाई दिलं," मामा म्हणाले. "दावं घरचं घरी ऱ्हातं." आणि कासऱ्याची गुंडाळी करून पिशवीत ठेवली.

आठवड्याने व्हॅनला नंबर पडला. ती घेऊन मी बायकोबरोबर थेट गुंजवण्याच्या बाजूला गेलो आणि ओट्याला लावून उभी केली. मामी काठी टेकत आल्या. मामांनी दार सरकवलं आणि बाजूला झाले. मी सवयीने पुढे झालो, तर बायकोने माझी बाही धरली.

मामींनी गाडीकडे पाठ केली. सीटच्या कडेला टेकल्या. एक पाय आत घेतला. मग तो न वाकणारा पाय दोन्ही हातांनी धरून, जरा तिरकं होऊन, आत घेतला. पदर सारखा केला आणि समोर बघायला लागल्या. कुणाचा हात लागला नव्हता. मामा उगीचच अंगणातल्या कोंबड्यांना हाकलू लागले.

"दादाला फोन लाव," मामी लेकीला म्हणाल्या. "म्हनावं, आता भांडायला मीच येती."

फोन झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, चला की मग. हार घाला, नारळ फोडा."

मी खिसे चाचपले. का चाचपले देव जाणे, खिशात नारळ मावत नाही. मागच्या अनुभवाने शहाणा होऊन या वेळी मी काहीही घेतलं नव्हतं.

मामींनी माझ्याकडे बघितलं. मग मामांकडे.

"इकायच्या गाडीला हार, आन् घ्यायच्या गाडीला हात हालवत! आवो, जुनीबरोबर ह्यास्नी बी देऊन टाकायचं हुतं की."

मामा कोंबडी हाकलता हाकलता थांबले. "टावेलाखाली इचारलं हुतं म्या," ते म्हणाले. "न्हाई घेत म्हनले."