मूत्रपिंडाचा दसरा

आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. झरीहून एसटी हलली, तेव्हा शेजारच्या सीटवर ज्ञानबा मला नको होता. दोघं एका गल्लीतले, दोघांचा पुण्याच्या मेडिकल कॉलेजात एकदमच नंबर लागलेला. आई खिडकीखालून म्हणाली, "एकमेकाला धरून ऱ्हावा." मी मान हलवली. मनात होतं, गावातून एकच डॉक्टर व्हावा आणि तो मी.

होस्टेलवर फिजिऑलॉजीनं माझा घाम काढला. मी रंगीत पेनांनी पानं रंगवायचो, तेच तेच वाचायचो. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटायचं, पुस्तक मिटलं की डोकं कोरं. ज्ञानबा एकदा वाचायचा, पुस्तक पालथं घालायचा आणि समोर असेल त्याला, मेसच्या मावशींनाही, आपल्या बोलीत सांगत सुटायचा. अडला तर तेवढंच उघडून बघायचा.

"किडनी म्हंजी आपल्या घरचा दसरा हाय गड्या. आधी समदं आंगणात काढायचं, मग लागंल तेवढंच घरात घ्यायचं. ऱ्हायलं ते उकिरड्यावर."

आमच्याकडे नवरात्राआधी घर असंच रिकामं करतात, गोधड्या धुतात; त्याला दसरा काढणं म्हणतात. मूत्रपिंडही रक्तातलं पाणी, साखर, मीठ आधी गाळून बाहेर काढतं, मग कामाचं परत घेतं. पोरं त्याच्याभोवती जमायची. दसरा माझ्याही घरी निघत होता, मला का सुचला नाही?

तोंडी परीक्षेच्या तोंडावर मी त्याला म्हणालो, "तुझ्या बोलण्याला समदे हसायलेत. सरसुद्धा. पुस्तकातलं इंग्रजीच घोक."

कुणीच हसत नव्हतं. सरांनी उलट त्याचं कौतुक केलं होतं, माझ्याजवळच.

त्यानं ऐकलं. बोलणं बंद केलं, माझ्यासारखा घोकू लागला. तोंडीला किडनीच विचारली आणि घोकलेलं इंग्रजी पहिल्याच वाक्यात अडलं; तो नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. शेवटी पेटी उचलून झरीला गेला, शेती करू लागला. मी मात्र खोलीचं दार लावून त्याच्याच पद्धतीनं भिंतीला सांगत पास झालो.

आज मी हाच विषय शिकवतो. पुस्तक मिटा, आपल्या भाषेत सांगा, असं पोरांना म्हणतो. दसऱ्यावर वर्ग खूश होतो. गावी गेलो की ज्ञानबाचं दार टाळून मागच्या बोळातून घरात शिरतो. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढा वळसा.

यंदा त्याची मुलगी मुक्ता माझ्याच वर्गात आली. त्याचा फोन आला, "तुझ्या हाताखाली हाय, मला घोर न्हाई." परवा ती म्हणाली, "सर, तुमचा दसरा मी पप्पांना सांगितला. ते नुसतेच हसले."

त्या हसण्याचाही मला हेवा वाटला. मला तसं हसता आलं नसतं.

दोन वाक्यं मी देणं लागतो. मुक्ताला: तो दसरा तुझ्या बापाचा आहे. ज्ञानबाला: तुझ्या बोलण्याला कुणीही हसलं नव्हतं.