धारवाल्याच्या घरातली बोथट पाती

तर खाटीक सत्तूर घेऊन परत आला, इथवर आपण काल आलो होतो. सत्तूर त्यानं धारवाल्यासमोर आपटला आणि विचारलं, यानं मांस तोडायचं की त्याला गुदगुल्या करायच्या? धारवाल्याचा चेहरा असा झाला, जणू भर बाजारात कुणी त्याचे कपडे उतरवले. त्याच्या हातची धार कधी परत आली नव्हती. पातं चाकावरून उतरलं, की तो डाव्या हातावरचे केस भादरून बघायचा. त्या हातावर बिचारा एक केस टिकत नसे.

आतल्या खोलीत त्याची पोर भिंतीला चिकटून ऐकत होती. चाकाशेजारी बसून मोठी झालेली, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. सत्तुराची धार तिनंच घालवली होती.

का, ते ऐका. तिचे आईबाप भांडायला लागले, की त्या घरात भांडं जागेवर राहत नसे. बापाच्या अंगठीचा वण आईच्या कपाळावर होता. आईही ऐकून घेणारी नव्हे. तिनं फेकलेल्या उकळत्या पातेल्यानं त्याच्या खांद्याचं कातडं सोलून निघालं होतं. अशा वेळी ठिणगी चाकाचं पायडल रिकामंच मारत बसायची. चाक घरघरलं की शिव्या कमी ऐकू यायच्या. पण एका संध्याकाळी बापानं गिऱ्हाइकाचा कोयता भिरकावला. तो आईच्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतला. दोघं श्वास घेण्यापुरती थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

पोरीनं त्या दिवशी पायडल सोडलं. बाप बाहेर पडला, की ती मागच्या दगडी पायरीवर घरातल्या सुऱ्या घासून बोथट करायची. मग तिच्या मनात आलं, रागात हाताला काय लागेल याचा काय भरवसा? म्हणून गिऱ्हाइकांचीही पाती घासली. ती परत येतील, हे त्या इवल्या डोक्यात कुठून येणार?

खाटीक सत्तूर तिथंच टाकून गेला आणि धारवाल्यानं दाराला कडी घातली. बायकोला म्हणाला, हा उद्योग तुझाच, माझं नाव मातीत घालायला निघालीस. तिनं विचारलं, होतं कधी नाव? त्यानं तिचे केस धरून डोकं चाकाच्या लोखंडी घोडीवर आदळलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तेव्हा त्यानं सत्तूर उचलला. "आईनं नाही, मी केलं," म्हणत ठिणगी मध्ये घुसली, तोवर हात खाली आला होता.

सत्तूर पोरीच्या हातावर बसला. हाड काडकन मोडलं. पण कातडीवर नुसता निळा वळ. बापानं लावलेली धार असती तर तो हात जमिनीवर पडला असता.

धारवाल्यानं सवयीनं सत्तूर आपल्या डाव्या हातावरून ओढला. खुंटसुद्धा निघाला नाही. आईनं फडक्यात पोरीचा हात बांधला, कडी काढली, आणि मायलेकी गेल्या त्या, त्या घराकडे परत फिरकल्या नाहीत.

आज बाजाराच्या तोंडाशी धार लावण्याचं जे दुकान आहे, ते ठिणगीचंच. हात वाकडाच जुळला. चाकाशी आपसूक कोन साधतो, असं तीच हसून सांगते. तो खाटीकही तिच्याकडेच येतो.

गेल्या आठवड्यात भर दुपारी तिचा बाप आला. म्हातारा, एकटा, बोटं थरथरणारी. त्यानं घरची सुरी पुढे ठेवली. टोमॅटोसुद्धा चिरत नाही म्हणाला, माझ्या हातून आता धार लागत नाही, तू लाव. ठिणगीनं चाक थांबवलं, पात्यावरून अंगठा फिरवला, सुरी कागदात गुंडाळली आणि त्याच्या हातात परत दिली.

"टोमॅटो मी येऊन चिरून देईन बाबा, रोज देईन. सुरी आहे तशीच राहू द्या."