युफोनियमवाल्याची पहिली वाफ

विल्फ एंटविसल यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. एकतीस वर्षं त्या भिंतीपलीकडून दोन गोष्टी येत आल्या. त्यांच्या युफोनियम या भल्यामोठ्या पितळी वाद्याचा घुमणारा सूर, आणि तंबाखूचा वास. माझ्या देव्हाऱ्यातली उदबत्तीसुद्धा त्याच्यापुढे हरायची. कागदात तंबाखू वळून वळून बोटं पिवळी पडलेली, मिशीची कड जळकी. थोटकं चहाच्या कपात विझवायचे. ती रात्रभर फुगायची, आणि सकाळी तोच कप विसळून चहा. अशा तोंडाने हा माणूस चर्चपुढे देवाचं स्तोत्र वाजवतो, याचा तर मला रागच यायचा.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या बँडच्या तालमीत, ऐन लांब सुरावर, त्यांना खोकल्याची उबळ आली. बँड चालवणारी ब्रायनी सगळ्यांसमोर म्हणाली, "विल्फ, तंबाखू सोडा. व्हिट फ्रायडेच्या मिरवणुकीच्या आधीच्या आठवड्यात मी तुमचं एकट्याचं ऐकेन. खोकलात तर खुर्ची दुसऱ्याला."

बँडमधली ती खुर्ची बेचाळीस वर्षांची. बायको गेल्यापासून आठवड्यातले तालमीचे दोन दिवसच काय ते हा माणूस दाढी करायचा.

दुसऱ्या दिवशी दारात उभे. "चल गं माझ्याबरोबर त्या वाफेच्या सिगरेटींच्या दुकानात. एकट्याला लाज वाटते."

दुकानात पाय टाकला आणि नाकाला रुमाल लावला. स्ट्रॉबेरी, कस्टर्ड, च्युइंगगम, सगळं एकत्र. तान्ह्या मुलाने दूध ओकावं तसा आंबूस गोड वास. काउंटरमागे जोडी नावाची बाई.

"दिवसाला किती ओढता, आजोबा?"

"पंचवीस. आणि आजोबा कुणाला म्हणतेस?"

"उठल्यावर पहिली किती वेळाने?"

"उठायच्या आधी."

जोडीने पेनाएवढी बारीक नळी पुढे केली. "मग ही घ्या. हिच्यात निकोटिन जास्त, झुरका बारीक. वळलेली ओढता तशीच, आधी तोंडात घ्यायची, मग आत."

"ही? ही तर पोरांची शिट्टी! मी युफोनियमवाला. हा छातीचा भाता बघ. ती दे." त्यांनी मुठीएवढ्या डबीकडे बोट दाखवलं.

"ती वाफेचे मोठे ढग सोडणाऱ्यांची. तुम्हाला झेपायची नाही."

"दे गं!"

जोडीने तोंडात धरायचं नवं टोपण लावून ती दिली. विल्फनी ओठ आवळले, छाती भरली आणि जोरात फुंकलं! बेचाळीस वर्षांची सवय. ओठाला नळी लागली की फुंकायचं. डबीच्या भोकांतून कस्टर्डच्या वासाचा चिकट द्रव उडाला, जोडीच्या हनुवटीवर आणि माझ्या स्वेटरवर. त्यात यांची थुंकीही असणार, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

"अहो, फुंकायचं नाही, ओढायचं!" जोडी ओरडली.

"न फुंकता कधी काही वाजतं होय?"

मग ओढली. एवढा ढग छातीत गेल्यावर काउंटरला धरून ते असे खोकले की डोळे लाल, नाक वाहतंय, आणि ते पुसलं बाहीला.

मी म्हटलं, "विल्फ, खुर्ची हवीय की भाता दाखवायचाय?"

त्यांनी डबी काउंटरवर ठेवली. मग त्या बारीक नळीकडे बोट केलं. "साधी दे. कस्टर्ड मी चमच्यानेच खाईन."

पुढचे दोन आठवडे भिंतीपलीकडे शिव्या आणि कफ, कफ आणि शिव्या. बेसिनमध्ये काय काय पडत होतं ते ऐकून माझं जेवण जात नव्हतं. पण कचऱ्यात थोटकं दिसली नाहीत. मी रोज बघत होते.

मेच्या अखेरीस ब्रायनीने त्यांना एकट्याला वाजवायला उभं केलं. मी मागच्या बाकावर. लांब सूर आला, वाढत गेला, टिकला, आणि न थरथरता उतरला.

"बसा आपल्या खुर्चीवर," ब्रायनी म्हणाली.

बाहेर पडताच त्यांनी नळी काढली आणि भसकन वाफ सोडली, थेट माझ्या तोंडावर.

"शी! विल्फ!"

"अगं, ब्रायनी तंबाखूला नाही म्हणाली. याला कुठे?"

मी चार पावलं पुढे निघून गेले. सूर मात्र निर्मळ लागला होता. त्यासाठी मी मनातच हात जोडले. त्यांना सांगितलं नाही. डोक्यावर चढून बसले असते.