म्हशीनं पान्हा चोरला ती संध्याकाळ

लग्न होऊन मी मखमलाबादपुढच्या मळ्यात आले, तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याच्या आधी गोठ्याची ओळख करून दिली. "बैल ओढायला, म्हैस दुधाला, मांजर उंदराला, कुत्रा राखणीला. ज्यानं त्यानं आपलं काम करायचं, दुसऱ्याच्यात तोंड घालायचं नाय." शेवटच्या वाक्याला त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्या साली शिवारात बिबट्या शिरला. लोक त्याला वासराएवढा म्हणायचे. माझ्या कानापर्यंत येईतो तो एसटीएवढा झाला होता. बिबट्या नरडं धरतो, म्हणून आम्ही कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला. पट्ट्यात तो असा फौजदारासारखा दिसे, की आम्ही निर्धास्त झालो. तिथंच चुकलं.

दिवेलागणीला मी धारेला बसले. लाइट गेलेली. आधी म्हशीच्या पारडीला सोडलं. तिनं ढुशा दिल्या की म्हैस पान्हा सोडायची. आज सोडेना.

"पेंड खाऊन नखरे करती," ओसरीवरून सासूबाई.

"आत्याबाई, ती बांधापलीकडच्या मक्याकडं बघतीये."

"मग तू बादलीकडं बघ."

पारडी कंटाळून बांधाकडे निघाली. मी कुत्र्याला हाक मारली, तर आमचे फौजदार माझ्या साडीत शिरलेले. खिळे पोटरीत रुतत होते.

वारा नव्हता, तरी मका हलला. पारडीपासून हातभर अंतरावर पिवळं काहीतरी दबून बसलं होतं. घशाला अशी कोरड पडली, की आख्खं गंगापूर धरण ओतलं असतं तरी घसा भिजला नसता. ओरडायचं होतं; तोंडातून नुसती हवा गेली.

म्हशीनं खुंटा उपटला. माझ्या डोक्यावरून गेली म्हणा ना. मका आडवा झाला, घुरघुर ऐकू आली, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही सगळ्यात वाईट होतं.

अखेर पारडी आली. मागून म्हैस, शिंगं मातीनं भरलेली.

सासूबाई कोयता घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी पारडी चाचपली, मग मला.

"खुंटा ठोक," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तू धार काढ, राखणीला मी."

मका कापेपर्यंत त्या रोज माझ्या पाठीशी कोयता धरून उभ्या राहिल्या. पुढं बिबट्या असेल, नसेल; मागं सासूबाई नक्की होत्या. एक धार बादलीत सरळ पडली असेल तर शपथ.